कडा नसलेली खिडकी

आमच्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी धर्माजीकाका रोज संध्याकाळी दिवा, पंखा आणि नकाशा एका झटक्यात बंद करायचे. नकाशा म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या आमच्या बोटी, प्रत्येक बोटीचा एक निळा ठिपका. नकाशाच्या खिडकीच्या कोपऱ्यातली, ती बंद करायची फुली दिसली की काकांचा हात शिवशिवायचा. मग सकाळी सातला मला फोन, "हेमांगी, नकाशा पळाला गो!"

महिनाभर मी धावले, मग डोकं फिरलं. कॉम्प्युटर जुना, त्यावर लिनक्स मीच घातलेलं, तेव्हा इलाजही मीच केला. खिडकीची वरची पट्टी काढली, कडा काढल्या आणि ती पडद्यावर अशी पसरली की खालची पट्टीसुद्धा झाकली गेली. फुलीच नाही, तर काका दाबणार काय? ठिपके बघायला येणाऱ्या बायका म्हणाल्या, आता कसा दर्यासारखा दर्या दिसतो. मीही फुगले.

आमच्यात दर्यात गेलेल्या माणसाला कधी येशील, कुठे आहेस, असं विचारत नाहीत. माझी आई केसर तीस वर्षं बाबांची अशीच मुकाट वाट बघत आली. नकाशा आल्यापासून ती ऑफिसात येऊन ठिपका बघून जायची. विचारायचं नाही, पण बघायला कोण अडवतं?

त्या मंगळवारी बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला. दुपारपर्यंत सगळ्या बोटी आगरदांड्याच्या धक्क्याला लागल्या, बाबांची तेवढी राहिली. सोसायटीतला सदा त्याची मोठी बोट घेऊन शोधायला निघाला होता, पण काकांनी पडद्यावरच्या बाबांच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "अनंता दर्यातल्या किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकून बसलाय. तू कशाला जीव धोक्यात घालतोस?" सदा परत बसला. चहा आला.

माझा पाय काही जागेवर ठरेना. बाहेर जाऊन आले, परत आले, पंखा कमी केला, परत वाढवला. आई म्हणाली, "बस की गो. दिसतोय न्हवं तो?"

दिसत होता, तेच खुपत होतं. एवढ्या वाऱ्यात नांगरावरची बोटही झुलते, ठिपका केसभर तरी इकडेतिकडे सरकतो. हा खिळ्यासारखा बसला होता. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. नेट चालू आहे की नाही हे सांगणारी खूण खालच्या पट्टीत असते, आणि ती पट्टी मीच झाकली होती. खरं सांगते, क्षणभर वाटलं, गप्प बसावं. एवढ्या लोकांत कोण नाक कापून घेणार?

मी खिडकी लहान केली. खाली नेटच्या खुणेवर लाल फुली. ठिपक्यावर टिचकी मारली, त्याची वेळ एक वाजून दहाची होती आणि आता तीन वाजले होते.

"हा ठिपका शिळा आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे. पट्टी मी झाकली."

आई उठली, माझा दंड धरला आणि तीस वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं ते तिनं विचारलं, "मंग आता कुठं हाय तो?"

मी कॉम्प्युटरला मोबाइलचं नेट जोडलं. ठिपका नाहीसा झाला आणि किल्ल्याच्या पार पश्चिमेला, उघड्या दर्यात उमटला. सदा चप्पल न घालताच पळाला.

दिवेलागणीला सदाने बाबांची बोट दोराने ओढत आणली. इंजिन बंद पडून ते दोन तास वाहत गेले होते. धक्क्यावर चढल्यावर ते आईकडे बघून हसले, आईने मात्र त्यांच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि मग रडली.

मी ऑफिसात गेले आणि खिडकीला पट्टी, कडा, फुली सगळं परत लावलं.

सकाळी सातला फोन वाजला. "हेमांगी, नकाशा पळाला गो!"

"आले काका," मी म्हणाले. त्या दिवशी मला जराही राग आला नाही. पळाला, तर निदान पळालेला दिसतो तरी.