तीन नंबरची बॉक

बिअर चाखायची ती सकाळी अकराला, असा नियम आहे. जेवणाआधी जीभ कोरी असते म्हणे. हा नियम मला तरुणपणी कुणी सांगितला नाही, याचं वाईट वाटतं.

पोंभुर्ण्याबाहेर, सागाच्या जंगलाच्या कडेला, प्रफुल्लने बिअर बनवायचा छोटा कारखाना टाकला आहे. पुण्याची नोकरी सोडून आला. त्या जानेवारीत त्याने तीन टाक्या बॉक केली होती. बॉक म्हणजे जर्मन लोकांची थंडीतली बिअर. अंगाने जाड, चवीला भाजलेल्या जवाची, आणि दोन महिने गारठ्यात निजवून ठेवावी लागते. तीन टाक्यांत तीन तऱ्हा. त्यातली एक निवडून त्याच दुपारी नागपूरच्या हॉटेलवाल्याकडे पाठवायची होती. त्याने नापसंत केली की कारखान्याला कुलूप आणि प्रफुल्ल परत पुण्याला. हे तो हसत सांगत होता, पण हसणं दातांच्या आत जात नव्हतं.

चाखणारे तिघं. मी, कारण सकाळी अकराला मला दुसरं काम नसतं. गुणवंतराव, दारू पकडायच्या खात्यातून निवृत्त झालेले जमादार. आणि बुधरी. ही जंगलातल्या गावची. मोहाची दारू कोणत्या गावची ते नुसत्या वासावरून सांगते, म्हणून प्रफुल्लने तिला कामावरच ठेवलं होतं.

ग्लास भरले तशी बुधरी म्हणाली, "पयले खाली दोन थेंब सोडा. जमिनीतल्या बुढ्यांचा वाटा."

"बाई, खाली टाइल्स हायत," प्रफुल्ल म्हणाला. "काल औषध टाकून धुतल्या. आता मी जंतूंले पार्टी देऊ काय?"

"माती नाई ठेवली कुठी?"

"बिअरच्या कारखान्यात माती काऊन ठेवू मी?"

गुणवंतराव हसले. "बुढ्यांची काळजी करू नको, बुधरीबाई. त्यायले मी लय पाजली. इथीच आमची चौकी होती. पकडलेली सारी दारू मागच्या अंगाले ओतत होतो. पंधरा वर्षं."

"या जागेवर?"

"याच. चौकी पडली, मंग प्रफुल्लले जागा भेटली."

बुधरीने आपला ग्लास खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

एक नंबर रंगाने फिकी होती. ताज्या पोळीचा वास, शेवटी जिभेवर बारीक कडू. दोन नंबर तांबूस, कुणालाही राग येणार नाही अशी, लग्नाच्या मध्यस्थासारखी. तीन नंबर काळी. पहिल्या घोटात काकवी, मग भाजलेले हरभरे, मग वाळलेलं मोहफूल, आणि गिळल्यावर छातीत शेकोटी. आम्ही गप्प बसलो. आमच्यासारखे दोघं गप्प बसले म्हणजे निकाल लागला, हे प्रफुल्लला कळलं. त्याने सकाळपासूनचा पहिला श्वास घेतला.

दुसऱ्या घोटाला काहीच नव्हतं.

पाण्याला निदान पाण्याची चव असते. इथे तीही नाही. रंग तोच, फेस तोच. प्रफुल्लने टाकीतून नवा ग्लास भरला, तोही कोरा. धावत एक नंबर चाखली, तीही गेलेली. दोन नंबर मात्र जागच्या जागी, नम्र.

आणि मग तो आवाज आला. बशीतला चहा ओठांनी ओढताना येतो ना, तसा. एकाचा नाही, बऱ्याच जणांचा. टाइल्सच्या खालून. बाहेर लख्ख ऊन होतं.

"पिऊन राह्यले," बुधरी म्हणाली. "जे आवडलं ते."

"मी सरकारी काम केलं," गुणवंतराव म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"त्यायले सरकार काय माहीत, भाऊ? पंधरा वर्षं भेटे. मंग तुमी बंद केलं. वरून यानं फरशी घातली."

प्रफुल्ल तिच्याकडे बघत राहिला. "चव वापस येईन काय?"

"पोट भरलं त येईन."

त्याने छिन्नी आणून तीन नंबरच्या टाकीखालची टाइल फोडली. खालची माती राखेसारखी कोरडी होती. त्याने एक जग ओतला. माती ओली झाली नाही. दुसरा, तिसरा. शेवटी त्याने टाकीचा नळच सोडला आणि दोन महिन्यांची मेहनत जमिनीत जाताना बघत उभा राहिला. जग आणि छिन्नी हातातच राहिली होती, डोळे पुसायला त्याला हात रिकामा नव्हता. फेससुद्धा वर राहत नव्हता. पाऊण तास. मग मातीवर तळहाताएवढा ओला डाग उमटला. बुधरीने त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बस."

टाकीत एक जग उरला होता. त्यात चव होती. मी ती सांगणार नाही. तुम्हाला मिळायची नाही, उगाच जीव जाळू नका.

दुपारी दोनला नागपूरची गाडी आली. एक नंबरवर आता प्रफुल्लचा भरवसा नव्हता, म्हणून दोन नंबर चढवली. हॉटेलवाल्याला ती फार आवडली. असंच हवं होतं म्हणाला, कुणालाही चालेल असं. कारखाना चालतो आहे. फोडलेली टाइल प्रफुल्लने पुन्हा बसवली नाही. दर हिवाळ्याला तो तीन नंबर करतो आणि सगळी तिथे ओततो. गुणवंतराव त्या रस्त्याने जात नाहीत.

या जानेवारीत मी गेलो तेव्हा बुधरी दोन नंबरच्या टाकीला कान लावून उभी होती.

"काय झालं?" प्रफुल्लने विचारलं.

"चाखून राह्यले."

प्रफुल्लचा चेहरा पांढरा पडला. नागपूरची गाडी फाटकात उभी होती. तरी तो दोन पावलं पुढे झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मंग? काय म्हणून राह्यले?"