शून्य इशारे

लिफ्टचं दार शेवटी माणसावर मिटलंच. मिआओलीच्या वृद्धाश्रमात, चुंग आजींच्या मनगटावर. पण तैवानमधल्याच शिन्चूच्या लिफ्ट कंपनीच्या दप्तरी असं काही घडलेलं नाही. तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू.

लिआओ युन-जे त्या कंपनीत लिफ्टच्या दारांचा सी भाषेतला कोड तपासायचा. खरं तर तपासायचा एक प्रोग्रॅम, लिआओ फक्त अहवालावर सही करायचा. हा प्रोग्रॅम कोड चालवून बघत नसे, नुसता वाचायचा आणि चूक दिसली की इशारा द्यायचा. गेली काही वर्षं त्यानं एकही इशारा दिला नव्हता. दर शुक्रवारी 'शून्य' जाहीर व्हायचं आणि मॅनेजर गुआन साहेब सगळ्यांना टपोऱ्या साबुदाण्याचा गार चहा पाजायचे.

मिआओलीच्या लिफ्टचे सर्किट बोर्ड रवाना व्हायच्या आठवड्यात लिआओच्या एक गोष्ट लक्षात आली. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर पहिली ओळ वाचायच्या आधीच आपल्या मनानं काही मॅक्रो, म्हणजे खुणेची नावं, ठरवून ठेवतो. चिप कोणती, हे त्यातल्याच एका नावावरून कळतं. दाराच्या कोडमध्ये लिहिलं होतं की हे नाव ठरलेलं असेल तर पुढच्या सगळ्या ओळी घ्या, नसेल तर काहीच घेऊ नका. कंपायलरला नाव ठाऊक होतं. तपासणाऱ्या प्रोग्रॅमला ते कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारा इतकी वर्षं इमानेइतबारे कोरा कागद तपासत होता.

लिआओनं त्याला नाव सांगितलं आणि तो जेवायला गेला. परत आला तरी इशारे संपले नव्हते. त्यातला एक दारातल्या सेन्सरचा होता. सेन्सरचा आकडा भरण्याआधीच कोड तो वाचत होता. म्हणजे दारात माणूस आहे की नाही, हे मेमरीत पडलेला जुना कचरा ठरवणार होता.

गुआन साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, उठले आणि सर्व्हरपाशी गेले. मशीननं नीट वागावं म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे त्यावर नारळाच्या कुरकुऱ्यांचा पुडा ठेवलेला होता, तोही हिरवा, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत आणि पिवळा म्हणजे बिघाड. त्यांनी तो उलटा करून पाहिला.

"अरे लिआओ, याची मुदत संपलीय."

लिआओ म्हणाला, पुडा राहू द्या साहेब, सेन्सरचं बघा.

"शिळा खाऊ ठेवायचा आणि वर मशीनकडून शहाणपणाची अपेक्षा करायची?"

मीटिंग भरली. विषय पुडा. खरेदी विभागानं मान खाली घालून कबूल केलं की मागे एकदा चुकून पिवळा पुडा ठेवला गेला होता. लिआओ मध्ये मध्ये सेन्सर म्हणत होता. त्याला सांगण्यात आलं की तुझी पाळी आली की बोल. पाळी आली ती दुकानात जायची.

शेजारच्या टेबलावरची झान ताई हळूच म्हणाली, "जा बाबा. आणि हिरवाच आण. पिवळा आणलास तर सगळं तुझ्यावर शेकेल."

तो पुडा घेऊन येईपर्यंत साहेबांनी सेटिंग 'पूर्वी चांगलं चालायचं तसं' करून घेतलं होतं. म्हणजे चिपचं नाव काढून टाकलं होतं. नवा पुडा ठेवला, सगळ्यांनी हात जोडले, प्रोग्रॅम चालवला. शून्य. टाळ्या पडल्या.

लिआओ म्हणाला, मी सही करणार नाही.

"नको करूस," साहेब मायेनं म्हणाले. "सोमवारी दुसरा कुणी करेल. खुर्ची तीच राहील, त्या खुर्चीत तू नसशील."

लिआओनं सही केली. सही सुरेख आली.

पुढे मिआओलीत काहीच घडलं नाही, ते वर सांगितलंच आहे. कंपनीनं चौकशी मात्र केली. अहवाल शून्याचा असल्यामुळे दोष मनगटाचा ठरला. साहेबांनी वृद्धाश्रमाच्या लिफ्टसाठी एक हिरवा पुडा भेट पाठवला. त्याच दुपारी लिआओनं अर्ज टाइप केला:

"प्रति, गुणवत्ता विभाग. मिआओली येथील श्रीमती चुंग यांचे डावे मनगट हा दारासंबंधी प्राप्त झालेला इशारा समजण्यात यावा, सदर अहवालातील इशाऱ्यांची संख्या शून्यावरून एक करण्यात यावी आणि त्याखालील माझी सही पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."