कड्यापलीकडची कमान

उस्तादाचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा त्याने आवळला, सोडला, पुन्हा आवळला. लेक आज पहिल्यांदा त्याच्याबरोबर डोहात उतरणार होती, आणि आयुष्यभर लोकांना पाण्याखाली नेऊन सुखरूप वर आणणाऱ्या या माणसाच्या घशाखाली धड घोटभर चहा उतरला नव्हता.

“बाबा, बुडी मारायला नेताय की सासरी पाठवताय?” लेक म्हणाली. बोटवाला खो खो हसला. उस्ताद हसला नाही.

भोवतीचा समुद्र उथळ, हिरवट, कमरेइतका. आणि मधेच तळ खचून पडलेला हा गोल, गर्द निळा डोह. फार खाली त्याच्या भिंतीत एक कमान होती, कमानीपलीकडे मोकळा समुद्र. तिथून येणारा उजेड बघायला माणसं जिवावर उदार होत. कमान हाकेच्या अंतरावर वाटे, पण ती तशी मुळीच नव्हती. शिवाय तेवढ्या खोलीवर श्वासातली हवाच दारूसारखी चढते. चढलेल्याला ते कळत नाही, हीच तर मेख.

म्हणून उस्तादाचा नियम होता. कमानीआधीच्या शेवटच्या कड्यावर थांबायचं, एकाने बोटं दाखवायची, दुसऱ्याने त्यात एक मिळवून दाखवायचं. चुकलं की दोघांनी वर.

“तिथे वाद घालायचा नाही. मी असो की माझा बाप,” त्याने पुन्हा बजावलं.

“पाठ झालंय हो!”

दोघं उतरली. निळाई दाट होत गेली. कपारींना दगडी झुंबरं लोंबत होती, पण उस्तादाचं लक्ष सारखं लेकीकडे. तिचा श्वास, तिचे हात, मास्कमागचे डोळे. कड्यावर पोचल्यावर मात्र त्याची धास्ती एकाएकी गळून पडली. कमान उजळली होती. इतकी सुंदर ती त्याला कधीच दिसली नव्हती!

लेकीने तीन बोटं दाखवली. त्यानेही तीन दाखवली आणि खुशीत मान डोलावली. तिने पुन्हा तीन दाखवली. आत्ताच तर आपण बरोबर दाखवली! पोरीलाच चढलेली दिसते. तो कमानीकडे वळला. तिने मागून पट्टा धरला आणि पाय मारत ती त्याला वर ओढायला लागली. त्याने कोपर हाणलं. ते तिच्या मास्कवर बसलं, आत पाणी शिरलं. काही दिसेनासं झालं तरी तिने पकड सोडली नाही.

पाणी उजळत गेलं तसं त्याचं डोकं ताळ्यावर आलं. रक्तात मुरलेला वायू सावकाश निघून जावा म्हणून वाटेत दोरीला धरून थांबावं लागतं. तिथे लोंबकळताना त्याला आपली तीन बोटं आठवली आणि तो मनातून हादरला.

बोटीवर लेक कुडकुडत बसली. भुवईवर टेंगूळ आलं होतं.

“मी वाद घातला,” तो म्हणाला.

“नुसता वाद? चांगलं बदडलंत की!” ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. “हात सुटला असता तर, बाबा?”

चूक कुणाकडूनही होते. त्याला सलत होतं ते वेगळंच. कोपर मारताना त्याने तिला पुरतं ओळखलं होतं. ही आपली लेक आहे हे ठाऊक असूनही, त्या उजेडापुढे ती त्याला नकोशी झाली होती.

बोटवाल्याने इंजिन सुरू केलं. लेकीने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“मी तुम्हाला ओळखूच आले नाही ना तेव्हा?”

“नाही गं आलीस,” उस्ताद खोटं बोलला.