गोलकीपरची डावी बाही

लांब्या गोलकीपर पलीकडच्या शहराच्या संघात गेला ही बातमी दुकानात आली, तेव्हा टेलरमास्तर एका गिऱ्हाइकाच्या पँटची खालची दुमड उसवत होते. पँटच त्यांनी थेट गुडघ्यापर्यंत उसवली.

इथल्या क्लबने लांब्याच्या बदल्यात दोन बचावपटू घेतले होते. सौदा फायद्याचा झाला, असं दुकानात जमलेल्या मंडळींचं मत पडलं. शेजारचा औषधवाला तर म्हणाला की एकावर एक फुकट म्हटलं, तर लोक खोकल्याचं औषधसुद्धा हसत घेऊन जातात. मास्तरांनी उसवलेली पँट पुन्हा शिवायला घेतली. अकरा वर्षं क्लबचे कपडे त्यांनी शिवले होते आणि घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते दोन बचावपटू माप द्यायला आले. मापं इतकी सरळसोट, की टेप लावताना मास्तरांना जांभई आली.

लांब्याचं तसं नव्हतं. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. ही गोष्ट जगात एकट्या मास्तरांना ठाऊक होती. खुद्द लांब्यालाही नाही. उगाच मनाला लावून घेईल म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी, फूटपट्टीसारखा सरळ आहेस, असं ठोकून दिलं होतं आणि जर्सीच्या डाव्या बगलेत गुपचूप एक तिरका तुकडा जोडला होता. त्या तुकड्याच्या जिवावर लांब्याचा हात गोलच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचायचा. श्रेय अर्थात व्यायामाला मिळायचं.

आता त्याचे कपडे शिवणार होते मास्तरांचे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दोघांचे क्लब सख्खे वैरी.

पहिल्या तीन सामन्यांत लांब्याने डावीकडून पाच गोल खाल्ले. त्याला नवी हवा मानवली नाही, असं पेपरवाल्यांनी लिहिलं. मंडळी खूश झाली. मास्तरही खूश झाले, साधारण जेवायच्या वेळेपर्यंत. मग ताटातल्या भातावर ते बोटाने बगलेचा तिरका तुकडा आखत बसले. चौथ्या सामन्यातही हेच झालं तर लांब्याला कायमचा बाहेर बसवणार होते, आणि चौथा सामना होता मास्तरांच्याच संघाशी. बोलावं तर आपला संघ बुडतो, गप्प बसावं तर लांब्या. शिवाय साडूला शिवण शिकवायला जावं, तर तो जन्मभर ऐकवणार. शेवटी न राहवून त्यांनी तिरक्या तुकड्याचं गुपित बायकोला सांगून टाकलं.

"अहो, बाही त्याची आखडलीय, तोंड तुमचं का वाकडं?" बायकोने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बहिणीला फोन लावून शुक्रवारी जेवायला येतो म्हणून सांगून टाकलं.

साडू दुपारी दोन ते चार झोपायचे. त्या वेळात दुकानाला आग लागली तरी ती चारला विझवतील, अशी त्यांची ख्याती होती. शुक्रवारी जेवणं झाली, बहिणी आत गप्पांना बसल्या आणि मास्तर हळूच पुढे दुकानात सटकले. एक नंबरची जर्सी समोरच खुंटीला होती. त्यांनी बगल उसवली, साडूंच्याच चिंध्यांतून तुकडा कापला आणि जोडायला घेतला. वैऱ्याच्या त्या भडक हिरव्या कापडाला हात लावताना मळमळेल, असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. ते शीळ घालायला लागले.

"टाका जरा बारीक घाला," मागून आवाज आला. "आमच्याकडे बारीक घालतात."

साडू दारात उभे होते. डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. मग त्यांनी आपणहून कबूल केलं, की एका खांद्याचं माप घ्यायचं आणि दुसऱ्याचं त्यावरून लिहायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं. मास्तर जेवायला येताहेत म्हटल्यावर त्यांनी जर्सी मुद्दाम समोर टांगली आणि डोळे मिटून पडून राहिले.

"दुपारची झोप पहिल्यांदा मोडली," साडू म्हणाले, "आणि ती तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी."

"बरं, मग त्याच्यासाठी बाकीच्या तीन जर्सी पण करून जा."

संध्याकाळपर्यंत दोघे शेजारी शेजारी बसून शिवत होते, आणि एकमेकांच्या टाक्यांना नावं ठेवत होते.

रविवारी मैदान खच्चून भरलं होतं. विसाव्या मिनिटाला मास्तरांच्या संघाने डाव्या कोपऱ्यात चेंडू असा सणसणीत हाणला, की अख्खा स्टँड उठला. लांब्या उडाला, हात लांबला, लांबतच गेला, आणि चेंडू बाहेर. स्टँड मटकन खाली बसला. एकटे मास्तर उभे राहून टाळ्या पिटत होते.

"मास्तर, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूने?" औषधवाल्याने डोळे वटारले.

"बाहीच्या," मास्तर म्हणाले, आणि त्यांना खूप मोकळं वाटलं.

शेवटच्या मिनिटाला एक चेंडू त्या दोन सरळसोट बचावपटूंपैकी एकाच्या पाठीला लागून उजवीकडून लांब्याच्या गोलमध्ये घुसला. तो कुठे जाणार हे हाणणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, लांब्याला तर नव्हतंच. औषधवाल्याने मास्तरांना कडकडून मिठी मारली. मास्तरही ओरडले, नाचले, पण इतरांपेक्षा थोडे उशिरा. आधी त्यांना शिवण टिकलीय का ते बघायचं होतं.