ताईचं पहिलं पान

ताई सगळा जन्म नर्स म्हणून राबली. निवृत्तीनंतर तिची स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तशी धाकट्या बहिणीने तिला आपल्या घरी आणलं. ताईला वाचायची आवड. पण कॉम्प्युटर उघडला की ती कुठल्या कुठे भरकटायची. म्हणून धाकटीने तिच्यासाठी खास पहिलं पान तयार केलं. चालू केल्याबरोबर तेच समोर यायचं: मोठ्या अक्षरांत वार, हवामान, बातम्या, शब्दकोडं आणि वर ताईच्या जुन्या वॉर्डाचा फोटो. फोटो बघून ताईचा चेहरा असा खुलला की धाकटीला आपण जग जिंकल्यासारखं वाटलं.

चारच दिवसांत धाकटीला फोन आला. ताईच्या जुन्या इस्पितळातून होता. ताई सकाळी पांढरी साडी नेसून तिथे गेली होती आणि एका पेशंटची सलाईन काढायला निघाली होती. तिथल्या सिस्टरने वेळीच हात धरला, म्हणून निभावलं. धाकटी आणायला गेली, तर ताई तिलाच रागावली. ड्यूटी अर्धी टाकून कोणी घरी जातं का?

घरी आल्यावर धाकटीने फोटो काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं, ‘आज सुट्टी’. मात्रा लागू पडली. ताई वाचायची आणि निवांत चहा घ्यायची. पण पुढे तिचं जेवण तुटलं. ती कोणाशी बोलेना. धाकटीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाली, "रोजच सुट्टी देतात गं. माझ्या हातून कोणी दगावलं का? काढून टाकलं का मला?"

धाकटीला भडभडून आलं. आपल्या सोयीसाठी आपण हिच्या जिवाला घोर लावला, हे तिला आता कळलं.

"नाही ताई. तू निवृत्त झालीस. मानाने."

ताईने डोळे पुसले. मग म्हणाली, "मग तसंच लिही ना. मी विसरते."

धाकटीने तसंच लिहिलं. आता ताईला ते रोज नव्याने कळतं. एखाद्या सकाळी मान हलवून ती शब्दकोड्याकडे वळते. एखाद्या सकाळी रडते. मग धाकटी गॅस बंद करून तिच्याजवळ जाऊन बसते.