बोटीचा टाक

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी एक देव असा होता, की लग्न होऊन तिसगावला आल्यापासून मी त्याचं रूप कधी पाहिलं नव्हतं. तळहाताएवढी पितळी पाटी आणि तिच्यावर शेंदराचे थरावर थर. घरात तिला बोटीचा टाक म्हणत. यांचे आजोबा छगन दुसऱ्या महायुद्धात आरमारात खलाशी होते. सैनिकांना शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवायची बोट, तिच्यावर. लढाई संपल्यावर त्या बोटीची पाटी ते काढून घेऊन आले. पोरगा जिता परत आला म्हणून त्यांच्या आईनं ती देवात बसवली, शेंदूर लावला, आणि पुढे घरातल्या बायका रोज लावत राहिल्या.

छगन आजोबांनी मात्र स्वतःचा एक वेगळा नेम घालून दिला. तव्यावरची पहिली भाकरी पलीकडच्या चांदबीच्या घरी द्यायची, तिनं घेतली की मग आपल्या घरात अन्नपाणी. सासूबाईंनी तो नेम माझ्या हाती दिला. कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मीही विचारलं नाही.

चांदबी आत्यांचे वडील अलीम आणि छगन आजोबा एकाच बोटीवर होते. अलीम परत आले नाहीत. कागदावर नुसतं ‘बेपत्ता’. छगन आजोबा त्या विषयावर बोलेनात, विहिरीच्या काठाला तर मरेपर्यंत गेले नाहीत. मग गावानंच ठरवून टाकलं, अलीम पळाला, ब्रह्मदेशात दुसरी बायको केली. आत्या तेव्हा रांगत होत्या.

यंदा माघात आत्या ओट्यावरून पडल्या आणि खाटेला खिळल्या. मी भाकरी घेऊन गेले तर माझा हात धरून म्हणाल्या, “मुक्ते, शबे-बरात आली. मेल्याली मानसं आसत्यात त्यांच्या नावानं फातेहा देत्यात. जित्या मानसासाठी दुवा मागत्यात. मी अब्बासाठी काय करू? आख्खा जलम मधीच हुभी हाय बघ.”

त्यांचा नातू फैयाज नगरला मोबाईलच्या दुकानात काम करतो. तो खाटेशी बसला होता. म्हणाला, “काकी, विलायतेतल्या लोकांनी एकेका बोटीचा इतिहास नेटवर टाकलाय. कुठं बांधली, कुठं लढली, कोन मेलं, सगळं. पन कागदावरच्या त्या महिन्यात ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर अशा लई बोटी हुत्या. आपली कंची ते नंबराबिगर कळायचं न्हाई.” जरा थांबून, खाली बघत म्हणाला, “नंबर तुमच्या देवावर आसंल.”

घरी येऊन यांना सांगितलं. हे ताटावरून उठलेच. “देवाचं अंग खरवडायचं म्हनती? शेंदराची खोळ आपनहून सुटती. मग ती पान्यात सोडायची, ही रीत हाय. आजवर कुनी नख लावलं न्हाई.”

“मी कुठं नख लावते?”

“न्हाई लावायचं!”

त्यानंतर माझं कशात चित्त लागेना. जपाची माळ धरली की मणी कुठवर आले ते विसरायचं. दूध उतू गेलं, पोथीचं तेच पान दोनदा वाचलं. देवाला हात लावावा तर पाप, आणि न लावावा तर रोज त्या म्हातारीच्या हातात भाकरी ठेवून तिच्या डोळ्यांत बघायचं कसं? शेवटी एका सकाळी पूजेला बसले आणि शेंदराची वाटी बाजूला सारून गोडेतेल कोमट करून आणलं. टाकाला तेलानं न्हाऊ घातलं. हे दारात उभे.

“काय चाललंय?”

“देवाला तेल लावतेय अहो. सोडायचं असलं तर तो सोडेल.”

हे जोडे घालून मळ्यात निघून गेले.

रोज तेल घालत राहिले. रोज वाटायचं, सुटू नये. आणि देव्हाऱ्यापासून उठताना वाटायचं, सुटावं. मग एकदा ताम्हनात टाक कलता केला आणि खोळ अलगद गळून पडली, आतून करवंटीसारखी पोकळ. खाली पितळ लखलखीत. त्यावर इंग्रजी अक्षरं आणि नंबर. नमस्कार केला, टाक पदरात झाकला आणि पलीकडे गेले.

फैयाजनं मोबाईलमध्ये नंबर घातला. बराच वेळ नुसता वाचत राहिला.

“मोठ्यानं वाच की मेल्या,” आत्या म्हणाल्या.

“बोट अमेरिकेत बांधली, दादी. समुद्र ओलांडून इटलीकडं लढली. मग आपल्याकडं आली, हिंदी खलाशी घेतले. तळ सपाट, म्हनून काठाला लागायची. पुढनं दोन शिड्या सोडायच्या, त्याच्यावरनं शिपाई उतरायचे. पन आदी एक खलाशी दोरी घेऊन पान्यात उडी टाकायचा, दोरी काठाला बांधायचा, आन् ती धरून बाकीचे जायचे.” त्यानं बोटानं पान वर सारलं. “तुझ्या अब्बांच्या कागदावरचाच दिवस हाय. पानी वाटलं त्याच्यापरीस खोल निघालं. ज्याची पाळी हुती त्याला पवता येत न्हवतं, तर त्याचा सोबती आपनहून उतरला. दोरी झाडाला बांधली. वरनं गोळीबार. तो सापडला न्हाई. नाव न्हाई दिलेलं. बोट सलामत ऱ्हायली, लढाईनंतर भंगारात गेली.”

“दोरी सुटली का?”

“न्हाई दादी. समदे तिला धरून उतरले.”

आत्या माझ्याकडे वळल्या. “गावच्या हिरीत अब्बावानी पवनारा दुसरा न्हवता, माय सांगायची. आन् छगनचाचाला पवता येत न्हवतं. पाळी त्याची हुती.” आवाज चढला. “समदं ठावं हुतं त्याला! माझी माय बायांची बोलनी खात मेली, आन् ह्यो भाकऱ्या धाडत बसला! एक शबुद सांगितला आसता तर काय जीभ झडली आसती? ने तुझा देव!”

दुसऱ्या दिवशी शबे-बरात. पूजेत हात सवयीनं शेंदराकडे गेला, तो मागे घेतला. टाक नुसता पाण्यानं धुतला, फूल वाहिलं. पहिली भाकरी घेऊन गेले तर फैयाज दारात. “काकी, घ्यायची न्हाई म्हनतीया.”

एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भाकरी फडक्यात बांधून देव्हाऱ्यापुढे ठेवली. पाण्याचा थेंब घेतला नाही. हे म्हणाले, “आता मर उपाशी,” आणि स्वतःचं ताटही सरकवलं. दिवसभर मी दारात जात होते, परत येत होते.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून हाक आली.

“मुक्ते! आगं माझी भाकरी कुठं हाय?”

धावतच गेले. अंगणात खाट, उशाला हलव्याची ताटली, अगरबत्ती जळत होती. आत्यांचे डोळे सुजलेले.

“दिली फातेहा,” त्या म्हणाल्या. “दोगांच्या नावानं. अब्बाच्या नावानं आदी. छगनचाचाला मागं बसीवला.”

“माफ केलं का, आत्या?”

“ते न्हाई सांगत. आन भाकरी हिकडं.”

भाकरी कडक झाली होती. आत्यांनी ती दोन्ही हातांनी मोडली, तुकडा हलव्याला लावून तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग मी घरी येऊन पाणी प्यायले.