बांधाकडचे दगड

माती तपासणारी बाई नऊला येणार होती आणि आठपासून मी आप्पांना पढवत होतो. "तिला थेट पलीकडच्या बांधाशी न्यायचं. मधे थांबायचं नाही. आणि तुमचं मातीचं पुराण लावायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?" आप्पा म्हणाले. "घरात बोलणारा तू आहेस की."

नगरपालिकेने नवा नियम काढला होता. शहर वाढत वाढत आमच्या कुंपणाला टेकलं, तेव्हा कुठे साहेबलोकांना जाग आली की उद्या भाजी काही डांबरावर पिकणार नाही. म्हणून प्रत्येक शेताची माती तपासायची. पहिल्या प्रतीची निघाली तर तिथे बांधकाम कायमचं बंद. बदल्यात पालिका पाण्याची लाइन टाकून देणार आणि पिकेल ती भाजी दवाखान्याच्या स्वयंपाकघरासाठी घेणार. तिसऱ्या प्रतीची निघाली तर मालकाने हवं ते बांधावं. नियम चांगला होता. फक्त तो माझ्या मुळावर आला होता.

मला गॅरेज बांधायचं होतं. पंधरा वर्षं मी दुसऱ्याच्या पत्र्याखाली गाड्या उघडतोय आणि जागामालकाच्या मनात आलं की "दुसरीकडे बघा" ऐकून घेतोय. इकडे रस्त्याला लागून घरचं शेत पडलेलं. बांधकामाचा अर्ज मीच केला. आप्पाही हो म्हणाले होते. "कर बाबा. माझ्याच्याने आता वाकवत नाही." चहा पिता पिता सहज म्हणाले, आणि मी तेवढ्यावर खूश झालो. त्यांच्या तोंडाकडे बघायचं राहूनच गेलं.

बाई वेळेवर आली. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. खांद्याला पिशवी, हातात गिरमिटासारखी लांब लोखंडी नळी. दिवसभरात बारा शेतं उरकायची आहेत म्हणाली. आप्पा निमूट पुढे चालले आणि ठरल्याप्रमाणे बांधाशी जाऊन उभे राहिले.

नळी वीतभर गेली आणि खण्णकन वाजली. तिने जागा बदलली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी मनातल्या मनात गॅरेजला शटरसुद्धा बसवून टाकलं.

"दगडच दगड," ती लिहिता लिहिता म्हणाली. "हलकी माती. आजोबा, मालकाचं म्हणणं लिहावं लागतं. शेत सगळं असंच आहे का?"

हलकी हा शब्द आप्पांनी कधी शेजाऱ्याच्या मातीलाही लावला नव्हता. स्वतःच्या मातीबद्दल कुणी वावगं बोललं, तर ते त्या माणसाशी महिनाभर बोलायचे नाहीत. आता भडका उडणार असं मला वाटलं. पण आप्पा खाली बसले. नळीने वर काढलेला एक दगड त्यांनी उचलला, अंगठ्याने पुसला आणि होता तिथेच हलक्या हाताने ठेवला.

"हो," ते म्हणाले. "सगळं असंच. हलकंच आहे."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्यासाठी हा माणूस खोटं बोलला, आणि तेही मातीबद्दल. मला राग आला. त्यांचा नाही, माझाच.

"खोटं बोलतायत ते," मी म्हणालो.

बाईचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"हे दगड इथले नाहीत. माझ्या आईने वेचून टाकलेत. अख्ख्या शेतातले. रोज एक टोपली, तीस वर्षं. शेवटी शेवटी तिला टोपली उचलवत नव्हती तर पदरातून आणायची. मी स्वतः टाकलेत इथे. तुम्ही मधे बघा."

"अर्ज तर तुमचाच आहे ना?"

"माझाच आहे. म्हणून तर सांगतोय."

मधे जाऊन तिने नळी दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर तळापर्यंत काळीभोर माती, चुरगळली की हाताला ओल लागणारी. बाईने वहीतली ओळ खोडली आणि वर "पहिली" असं लिहिलं. मग मात्र आप्पांनी पुराण लावलं. कुठलं खत, कुठल्या साली, कुठल्या वाफ्यात. बाकीची अकरा शेतं ताटकळली, पण बिचारीने ऐकून घेतलं.

ती गेल्यावर आम्ही दोघंच उरलो.

"गॅरेजचं काय रे?" आप्पांनी विचारलं.

"बघू. पत्रा अजून उडालेला नाही."

चार पावलं चालून थांबले आणि वाकवत नाही म्हणणारे आप्पा कंबरेत वाकले. मातीतून त्यांनी लिंबाएवढा एक दगड काढला.

"राहिला होता बघ तिचा एक," ते म्हणाले आणि तो माझ्या हातात दिला.

मी बांधापर्यंत जाऊन तो टाकून आलो.